जेवून गेलेली माणसं

बाभळीला कापूस लागला की आमच्याकडे हंगाम सुरू झाला असं समजावं. बाभळीला कापूस कुठला लागायला! पण परतूरच्या बाजाराला जाणारे टेम्पो इतके फुगवून भरलेले असतात की रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळी जाता-येता त्यांना ओरबाडतात, आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका अडकून राहतो. परवा सकाळी मोटारसायकलवरून येताना यंदाचा पहिला पुंजका पाहिला. लोकांना तो पाहून बरं वाटत असेल. मला मात्र पाच वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला आणि दिवसभर कशात मन लागेना.

माझा धंदा मंडपाचा. खुर्च्या, गाद्या, कनाती, भांडी, भोंगे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि मंडप टाकला, म्हणून वडील शेवटपर्यंत "शिकून सवरून बांबू रोवतो" असं पाहुण्यांना सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण माणसं का जमतात आणि का जमत नाहीत, ह्या एका विषयात मी स्वतःला जाणता समजत आलो. दहाव्याला माणसं न बोलावता येतात आणि वेळेवर येतात. लग्नाला बोलावून येतात आणि उशिरा येतात. पुढाऱ्याच्या सभेला ती आणावी लागतात आणि परत नेऊन सोडावीही लागतात. कीर्तनाला पुढच्या खुर्च्या रिकाम्या राहतात, ऑर्केस्ट्राला मागच्या. यजमान म्हणतो पाचशे मांडा. मी त्याच्या दारातली चूल बघतो, भावकीतली भांडणं आठवतो आणि साडेतीनशे मांडतो. बहुतेक वेळा माझंच बरोबर निघतं. असा हा जाणता माणूस आयुष्यात एकदाच सपशेल चुकला, आणि तो स्वतःच्या भाच्याच्या वेळी चुकला.

दत्ता माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अक्काला केदारखेड्याला दिलेली. तिकडे शाळेचे हाल, म्हणून पाचवीपासून दत्ता माझ्याकडे परतूरला राहिला. अंगानं काटक, बोलायला कमी. बारावीनंतर पुण्याला कंपनीत लागला आणि पाळ्या सांभाळून तिथल्या एका आखाड्यात बॉक्सिंग शिकला. वर्तमानपत्रात त्याला मुष्टियुद्ध म्हणतात. आमच्याकडे तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. आधी कप आणि प्रमाणपत्रं आणायचा. मग एके दिवशी फोन आला, "मामा, मी व्यावसायिक झालो." मी म्हटलं, "वा, कशाचं दुकान टाकलं?" त्यानं समजावून सांगितलं, की आता तो कपासाठी खेळणार नाही, पोटासाठी खेळणार. मला ते ऐकून काळजी वाटली. कबड्डी खेळून कुणाला नोकरी लागली असं ऐकलं होतं, पण ठोसे खाऊन पोट भरणारा माणूस आमच्या सात पिढ्यांत नव्हता.

दोनेक वर्षं तो पुण्या-मुंबईकडे कुठल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये लढला. बहुतेक लढती जिंकला. मी एकदा विचारलं, "बघायला किती लोक असतात रे?" तो म्हणाला, "दुसरे बॉक्सर असतात, अन् त्यांचे वस्ताद." मी हसलो. मला वाटलं तो नम्रपणानं सांगतोय.

तो नम्रपणा नव्हता, हे त्या दिवाळीत कळलं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दत्ता माझ्या गोदामात आला आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला. लढती भरवणारे जे साहेब होते पुण्याचे, त्यांनी त्याला सरळ सांगितलं होतं. खेळ चांगला असून भागत नाही, खेळाडूच्या मागं माणसं लागतात. तुझ्या गावात एक लढत ठेवतो, मैदान भरून दाखव. भरलं तर पुढच्या वर्षी मोठ्या लढती. नाही भरलं तर माझा नाइलाज आहे. दत्ता तेव्हा अठ्ठावीसचा होता. पुढची तीन-चार वर्षंच हातात आहेत, हे त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

"मामा, येतील का माणसं?"

"तू फक्त खेळायचं बघ," मी म्हणालो. "माणसं माझ्यावर सोड."

हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं नंतर किती वेळा वाटलं ते सांगता येत नाही.

त्या धंद्याची एक रीत आहे. स्थानिक बॉक्सरनं आपली तिकिटं आपणच विकायची असतात. घरोघर जाऊन, मित्रांना, सोयऱ्यांना. साहेबांनी दत्ताच्या पिशवीत तिकिटांचा गठ्ठा घालून दिला होता. तो तीन घरी जाऊन परत आला. तिसऱ्या घरी, त्याच्या वर्गमित्राच्या वडिलांनी त्याला चहा पाजला, तिकीट कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवलं आणि विचारलं, "मंग, हळद कवा हाये?" दत्ताला पैसे मागणं झालं नाही. आपल्या माणसाला आपल्या कार्याचे पैसे मागायची आमच्याकडे जीभ उचलत नाही. घरचं कार्य असलं की उलट आपण जेवू घालायचं असतं.

जागा झुंबरशेठनं दिली. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, गावाबाहेर, मागच्या बाजूला गोदाम आणि गोदामापुढं मोठं फरशीचं अंगण. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, पण शेठ आमच्यापेक्षा परतूरचे. त्या दिवसांत जिनिंगच्या आवारात शिरलं की आधी वास यायचा, सरकीचा तेलकट आणि ओल्या कापसाचा उबट. हवेत तंतू तरंगत असायचे. बोलता बोलता एखादा ओठाला चिकटायचा. अंगणाच्या पुढच्या अर्ध्यात कापसाचे ढीग, मागच्या अर्ध्यात आमचा मंडप.

"पोरगा अपना है, घेऊन टाक जागा," झुंबरशेठ म्हणाले. "पण तिकीट बिलकुल नको लावू. अपनेच लोक, त्यांच्याकडून काय घ्यायचं? त्यापेक्षा जेवण ठेव. जेवण असलं की माणूस बराबर येतो."

मी हे शेठच्या गळ्यात घालत नाही. ते माझ्याही मनात होतंच. जेवणानं माणूस येतो हे मला शेठपेक्षा जास्त ठाऊक होतं. मी गणपतीचं चित्र असलेल्या पत्रिका छापून घेतल्या. दत्ताचा हातमोजे घातलेला फोटो, खाली "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे", आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, "स्नेहभोजन". दत्ताचं तिकिटांचं पुडकं माझ्या गोदामात तसंच पडून राहिलं. साहेबांना फोनवर सांगितलं, तुमची हॉलची रीत इकडं चालत नाही, गर्दीचं आम्ही बघतो. ते म्हणाले, ठीक आहे, मला खुर्च्या भरलेल्या पाहिजेत.

इथं थोडं थांबून दुसरंच सांगतो, कारण गेली पाच वर्षं मी ह्याच गोष्टीचा विचार करत आलोय. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्तीला माणूस मावत नाही. कुणी पत्रिका देत नाही, खुर्ची देत नाही, पाणीसुद्धा विचारत नाही. लोक मातीत बसतात, झाडावर चढतात. हलगी वाजते, आणि अमक्या गावचा पैलवान तमक्या गावच्या पैलवानाला भिडतो. तिथं बघणारा नुसता बघत नाही. त्याचं गाव फडात उतरलेलं असतं. जोड बरोबरीची नाही म्हणून तो भांडतो, जिंकलेल्याच्या पटक्यात नोट टाकतो, आणि पाठ मातीला लागली की लागली, ती आंधळ्यालाही कळते. बॉक्सिंगचं काय? तीन माणसं टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहितात आणि शेवटी सांगतात की हा जिंकला. बघणाऱ्याला वाटतं, मला न विचारता निकाल लावला.

आणि गाव कुठलं सांगायचं? दत्ताचं नाव काढलं की केदारखेड्याचे म्हणायचे, तो लहानपणीच परतूरला गेला. परतूरचे म्हणायचे, केदारखेड्याचा आहे, मामाकडे असायचा. पुण्यात तो जालन्याचा. समोरचा तर आणखी लांबचा, हरियाणाकडचा एक पोरसवदा गडी, पाठीला एक पिशवी लावून रेल्वेनं आला होता. त्याच्याशी वैर करावं असं कुणाकडे काही नव्हतं. शेजारच्या गावचा असता तर बांधावरून, पाण्यावरून, मोडलेल्या सोयरिकीवरून तरी शंभर माणसं त्याला पाडायला आली असती. वैरीसुद्धा ओळखीचा लागतो.

हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा मी खुर्च्या पुसत होतो.

रविवार होता आणि वेळ दुपारी चारची. साहेबांनी तारीख ठरवताना पंचांग पाहिलं नव्हतं. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, त्या दिवशी लग्नांची दाट तिथी. मला ते ठाऊक होतं, पण मी म्हटलं, एका लग्नात अक्षता टाकतील आणि जेवायला आपल्याकडे येतील. तसंच झालं, आणि तेच नडलं.

रिंग पुण्याहून ट्रकमधून आली. मी उभ्या आयुष्यात असली वस्तू मांडली नव्हती. चौरस ओटा, चार खांब, दोऱ्या. मला ते स्टेजच वाटलं. मी ते गोदामाच्या भिंतीला लावून घेतलं आणि सभेला मांडतो तशा सगळ्या खुर्च्या एकाच बाजूला मांडल्या. साहेबांचा माणूस म्हणाला, चारी बाजूंनी मांडा. मी म्हणालो, पाहुण्यांच्या मागं माणसं बसवायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि रिंगमध्ये, खोटं कशाला सांगू, मी सोफा ठेवला. मानाच्या माणसांना बसायला. लाल मखमलीचा, नवरा-नवरीचा. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तोवर झुंबरशेठ वर जाऊन त्यावर बसले होते.

तीन वाजता पंगती सुरू झाल्या. वांग्याची भाजी, वरण, भात, पुऱ्या, बुंदी. माणूस आला, ह्यात शंका नाही. मी मांडलेल्या आठशे खुर्च्यांवर माणूस होता आणि तितकाच पंगतीत. वेचणीवरून बाया तशाच आल्या होत्या, केसांत कापूस आणि हातांना बोंडांचे ओरखडे. दत्ता गोदामात हातांना पट्ट्या बांधून घेत होता. दारातून त्यानं बाहेर डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. त्याचं ते हसू मला अजून दिसतं. इतक्या वर्षांच्या सहवासात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझी छाती फुगली. आयुष्यात इतका खूश मी नंतर कधी झालो नाही.

चारला सत्कार सुरू झाले. पत्रिकेवर ज्यांची नावं त्यांचा सत्कार, ज्यांची राहिली त्यांचा आधी, म्हणजे रुसायला नको. शाल, श्रीफळ, दोन शब्द. दोन शब्दांत कुणी थांबलं नाही. एकानं दत्ताला पैलवान म्हटलं, एकानं सैन्यातला जवान, एकानं त्याच्या नावाच्या जागी माझं नाव घेतलं. गुलाबाच्या पाकळ्या रिंगमध्ये पसरल्या आणि त्यावर चपलांचे ठसे उठले. पाच वाजले, साडेपाच वाजले. मग सोफा उतरवला, पाकळ्या झाडल्या. पायाखाली घसरेल म्हणून साहेबांची दोन माणसं गुडघ्यावर बसून रिंग पुसत होती.

सुरुवातीला दोन लहान लढती झाल्या. पहिलीत एकाच्या नाकातून रक्त आलं, तसे पहिल्या रांगेतले एक म्हातारे काठी टेकत उठले आणि दोऱ्यांपाशी गेले. "आरं, सोडवा त्यांना. बघत काय बसलाव?" लोक हसले. मीही हसलो. पण म्हाताऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. मारामारी दिसली तर ती सोडवायची, हेच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. अक्का तर पहिल्या रांगेत रिंगकडे पाठ करून बसली होती. "मला माझं लेकरू मार खाताना बघवत न्हाई, अन् दुसरीच्या लेकराला मारतानाबी बघवत न्हाई," म्हणाली.

तेवढ्यात लोक उठायला लागले.

जेवण झालं, सत्कार झाला, म्हणजे कार्य झालं. ह्याच्यात कुणाचं काय चुकलं? लग्नातसुद्धा अक्षता पडल्या आणि पंगत उठली की माणूस निघतो, मागचे विधी घरची माणसं आणि भटजी बघून घेतात. दिवस लहान झालेले, गुरांना पाणी पाजायचं, वेचलेला कापूस रानात पडलेला. एक उठला तसे दहा उठले. आणि मी यजमान. पाहुणा निघाला की त्याला दारापर्यंत सोडायचं, हात जोडायचे, "या बरं का" म्हणायचं. पाहुण्याला पाठमोरा जाऊ देणं माझ्या हातून होणार नाही. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फाटक कापसाच्या ढिगांच्या पलीकडे होतं. तिथून रिंग दिसत नव्हती.

"जेवलात ना?"

"पोटभर. पोरगा कुठंय?"

"आता उतरतोय की. थांबा ना दहा मिनटं."

"थांबलो असतो, पण गाडीवाला जल्दी करून राह्यला. त्याला सांगा, आल्तो म्हणून."

प्रत्येकजण हेच सांगून गेला. आल्तो म्हणून सांगा. कुणी माझ्या खिशात आहेराचं पाकीट कोंबलं, कुणी टॉवेल-टोपी हातात दिली. टॉवेल ठेवायला हात पुरेनात. मागून घंटेचा आवाज आला. कुणीतरी ओरडल्यासारखं झालं. माझ्या हातात कुणा सोयऱ्याचा हात होता आणि ते त्यांच्या मुलीच्या स्थळाविषयी विचारत होते. मला वळून पळत जायचं होतं. पण त्यांचा हात सोडवून घेणं बरं दिसलं नसतं. पुन्हा घंटा झाली. मग भोंग्यातून दत्ताचं नाव ऐकू आलं आणि विजयी हा शब्द ऐकू आला.

मी ढिगांना वळसा घालून आत आलो तेव्हा पंचानं दत्ताचा हात वर धरला होता. समोर माझ्या आठशे खुर्च्या होत्या. साहेब, त्यांची माणसं, कागदावर लिहिणारे तिघं, पाठमोरी अक्का, आणि मागं भांडी घासायच्या आधी टेकलेले आचारी. आचारी आपसात बोलत होते. झुंबरशेठही घरी गेले होते. सूर्यास्ताच्या आत जेवायचं त्यांचं व्रत. दत्तानं माझ्याकडे पाहिलं. मी हातातले टॉवेल काखेत मारले आणि टाळ्या वाजवल्या, जोरजोरात, सगळं पाहिल्यासारख्या.

साहेब निघताना म्हणाले, "जेवण फार छान होतं हं." त्यानंतर त्यांचा फोन कधीच आला नाही. दत्तानं केला तर उचलला गेला, पण प्रत्येक वेळी बघू म्हणाले, आणि मग दत्तानंच करणं सोडलं.

सगळं आवरत असताना तो हरियाणाचा गडी हात-पाय धुऊन माझ्याकडे आला. उजवा गाल सुजलेला. लाजत म्हणाला, सकाळपासून काही खाल्लं नाही, काही उरलं आहे का. लढायचं असलं की ते आधी खात नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला ताट वाढलं, शेजारी बसलो. पुरी चावताना त्याला त्रास होत होता. मी विचारलं, काय झालं रे? कसं झालं? यजमानानं विचारू नये असा तो प्रश्न होता, पण मला विचारायला दुसरं माणूस नव्हतं.

"मामाजी, बायाँ हाथ नीचे से आया," तो म्हणाला. "दस्ताना दिखा, तब तक लग चुका था. और एक बात बोलूँ? मारते वक्त भाई की आँखें बंद थीं. जैसे खुद को लगने वाला हो." मग त्यानं बुंदी मागितली. दोनदा घेतली. जाताना माझ्या पाया पडला. आलेल्या दीड हजार पाहुण्यांत माझ्या पाया पडलेला तो एकटाच.

दिवेलागणीला दत्ता खुर्च्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. मला वाटलं, आता हा माझ्यावर चिडेल. सोफ्यावरून, सत्कारावरून, जेवणावरून. चिडला असता तर मला सोसलं असतं.

"मामा," तो म्हणाला, "मला शेवटचं काही आठवत न्हाई. असंच होतं कधी कधी. कसा लागला हात? तुम्ही पाह्यला न्हवं?"

व्हिडिओ काढायला मी लग्नवाला माणूस सांगितला होता. त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. सगळे सत्कार काढले, पंगतीतल्या प्रत्येकाचा चेहरा काढला, घास तोंडात जाताना काढला, आणि साडेपाचला पुढच्या वरातीला निघून गेला. म्हणजे त्या लढतीची खूण म्हणून जगात काहीच उरलं नव्हतं.

"पाह्यला की," मी म्हणालो. "डावा हात खालून आला तुझा. मोजा दिसला तोवर लागून गेल्ता त्याला. अन् मारताना तुझे डोळे मिटलेले व्हते."

 तो म्हणाला, "बरं झालं, तुम्ही तरी होतात."

खोटं बोलणं एकदाचं असतं तर पचलं असतं. पण दत्ता पुढच्या वर्षी शहागडला हायवेवर एका टायरच्या दुकानात लागला आणि दर कापसाच्या हंगामात माझं तिकडे जाणं होऊ लागलं. गोदाकाठच्या एका-दोन गावांतली लग्नं माझ्याकडे असतात. त्याच्या दुकानापाशी गाडी थांबवली की कापसाच्या गाठी भरलेले ट्रक ओळीनं उभे असतात, तो चाकावर हातोडा मारून आवाज ऐकत असतो. मला बघून पाणी आणतो. इकडचं तिकडचं होतं. आणि मग दर वर्षी, न चुकता, "मामा, सांगा ना पुन्हा, कसा लागला व्हता." मी सांगतो. दर वर्षी थोडं वाढवून सांगतो. पहिल्या वर्षी नुसता हात होता, दुसऱ्या वर्षी लोकांनी श्वास रोखले, तिसऱ्या वर्षी आचाऱ्यांनीसुद्धा झारे खाली ठेवले. मंडपात माणूस भरावा तसा मी त्या संध्याकाळची एकेक खुर्ची भरत गेलो. मला वाटायचं, आपण निदान एवढं तरी त्याला देतोय.

लोक मला विचारतात, आता तुमचा भाचा खेळत नाही का? कशात कमी पडला? मी सांगतो, खेळात नाही पडला. तो कमी पडला असता तर मी मनाला समजावलं असतं. मग ते म्हणतात, मोबाईलवर बघतो आम्ही मोठमोठ्या फाइटी, फार आवडतात. खरंच आवडतात त्यांना. मोबाईलमध्ये रक्त जवळून दिसतं, कुणाला सोडवायला जावं लागत नाही, कुणाला तोंड दाखवावं लागत नाही, आणि कंटाळा आला की बोटानं पुढं ढकलता येतं. खऱ्या माणसाला खुर्चीवर बसून शेवटपर्यंत बघायचं म्हणजे त्याचं काहीतरी आपल्याकडे घ्यावं लागतं. कुस्तीत ते गावाच्या नावानं आपोआप घेतलं जातं. दत्ताचं घ्यायला कुणी नव्हतं. जे घ्यायला बांधील होते ते फाटकाशी निरोप देत उभे होते, म्हणजे मी.

काल शहागडला जाऊन आलो. कापसाचे तंतू हायवेच्या कडेला टायरच्या काळ्या भुकटीत मळून पडले होते. दत्ताचे केस कानांपाशी पांढरे झालेत, तेहतिसाव्या वर्षी. त्यानं पाणी आणलं. इकडचं तिकडचं झालं. ह्या वेळी त्यानं विचारलं नाही. मला चैन पडेना, म्हणून मीच सुरू केलं. डावा हात खालून आला, मोजा दिसला तोवर लागून गेल्ता, आणि तुझे डोळे मिटलेले.

त्यानं हातोडा खाली ठेवला.

"मामा, खुर्च्या एकाच अंगाला मांडल्या व्हत्या तुम्ही. हात उचलायच्या आधीचं तेवढं आठवतं मला, माझी पाठ व्हती खुर्च्यांकडं. अन् त्याची पाठ गोदामाच्या भिंतीला. माझे डोळे फक्त त्यालाच दिसले असतील."

 

"कवापासून ठाऊक हाय तुला?" मी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं. वरून सगळ्या खुर्च्या दिसतात, मामा. तुमची रिकामी व्हती."

"मंग दर साली इचारायचास कशाला?"

तो चाकाकडे बघत होता. "कुणीतरी बघितलं, असं ऐकायला बरं वाटायचं," म्हणाला. मग हातोडा उचलत, "आता न्हाई वाटत."

मी उठलो. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण त्याचे कपडे भुकटीनं काळे झाले होते आणि माझा शर्ट लग्नाचा होता, आणि असल्या कारणानंही माणूस थांबतो हे मला काल कळलं. मी गाडीकडे वळलो, तेव्हा तो मागून म्हणाला, "मामा, दुपार झाली. भाकर हाये डब्यात. जेवून जा."

नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी जेवलो, हात धुतले आणि निघालो.